मग उठलं कोण?

टीव्हीवर टाळ्या थांबत नव्हत्या. हॅम्बुर्गच्या त्या चर्चमधली माणसं उभी राहिली होती, संचालक रुमालाने मान पुसत तिसऱ्यांदा वाकून नमस्कार करत होता, आणि इकडे सांगलीत, आमच्या मधल्या खोलीत, आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाली, "छान झालं सगळं. पण मग उठलं कोण?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं की चूक भाचीची आहे. तिने आदल्या दिवशी फोनवर आजीला सांगून ठेवलं होतं, "आजी, याला पुनरुत्थानाची सिंफनी म्हणतात. शेवटी मेलेले परत उठतात." आई ऐंशीची आहे. लहानपणापासून तिने कीर्तनं ऐकलीत. कीर्तनात सत्यवान उठतो म्हणजे उठतो. बुवा उठवतातच त्याला, मग गजर, मग आरती, मग खिरापत. ती बिचारी दीड तास त्याच हिशेबाने वाट बघत बसली होती. मी म्हटलं, "अगं, सगळेच उठतात." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती चुकीचा आलाप घेणाऱ्या मुलीकडे पाहायची. "सगळे म्हणजे कुणीच नाही," असं म्हणून तिने दिवा घालवायला सांगितला आणि कूस बदलून झोपली.

गेले तीन आठवडे मी तिचा प्रश्न घेऊन फिरते आहे. भाजी घेताना, वीजबिल भरताना, आयर्विन पुलावरून स्कूटर नेताना. उठलं कोण?

भाची हॅम्बुर्गला नोकरी करते आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एका हौशी वृंदात गाते. तिकडे असे वृंद पुष्कळ असतात म्हणे. दाताचे डॉक्टर, शाळामास्तर, निवृत्त टपालवाले एकत्र येतात, महिनोन्‌महिने एकच मोठी रचना घासतात, आणि मग एका संध्याकाळी खरोखरच्या वाद्यवृंदाबरोबर ती सादर करतात. यंदा त्यांनी ईस्टरनंतरच्या रविवारी माहलर या संगीतकाराची दुसरी सिंफनी घेतली होती आणि ती थेट इंटरनेटवर दाखवणार होते. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. शेजारच्या काकूंना मी उत्साहाने सांगायला गेले की आज रात्री आमच्याकडे या, भाचीचा ऑर्केस्ट्रा आहे. सांगलीत ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला मांडव, दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, चमकीचा कोट घातलेला 'किशोरकुमारचा आवाज' आणि दर तीन गाण्यांनंतर मिमिक्री. काकूंनी विचारलं, "कुणाची गाणी आहेत?" म्हटलं, "माहलरची." "नवीन आहे का कुणी?" म्हटलं, "नाही, 1895 ची आहेत." काकू आल्या नाहीत. भडंगाची एक वाटी मात्र पाठवून दिली.

तर आम्ही दोघीच. वायर लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला, पंखा फुल केला, एप्रिलची रात्र असल्यामुळे खिडक्या सताड उघड्या. पडद्यावर एवढी माणसं बघून आई थोडी बिचकली. मग ओबो नावाच्या काळ्या, सनईच्या लांबच्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या वाद्याने एक सूर लांब धरला आणि सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवायला लागले, तशी ती एकदम सावरून बसली. तिच्या ओळखीचं काही तरी सुरू झालं होतं. "लावतायत," ती म्हणाली. थोड्या वेळाने तो सूर थांबला. सगळं शांत. आई अस्वस्थ झाली. "बंद का केला?"

"लावून झालं ना."

"लावून झालं की बंद करतात? मग गाणार कशावर?"

मी कितीतरी वेळा पाश्चात्त्य संगीत ऐकलंय, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडे तंबोरा लावायचा तो मागे वाजत ठेवायला. कितीही लांब फिरून या, मागे घर चालू असतं. ही मंडळी घराला कुलूप लावून निघतात आणि किल्ली खिशात आहे एवढ्यावर दीड तास काढतात. आईला ते अखेरपर्यंत पटलं नाही. पहिला भाग सुरू झाला, व्हायोलिनांची थरथर आणि तिच्या पोटातून चेलो आणि डबल बासची अंगावर येणारी झडप. आईचा हात छातीशी गेला, आणि तशाही अवस्थेत तिने विचारलं, "याचा षड्ज कुठला?" भाचीने लांबलचक मेसेज पाठवून ठेवला होता, त्यात बघून सांगितलं: सी मायनर. म्हणजे पेटीची पांढरी एक, गंधार कोमल. "हं," ती म्हणाली, आणि मी बघितलं, तिचे ओठ मिटलेलेच होते पण गळ्याची शीर हलत होती. तिने स्वतःपुरता षड्ज धरून ठेवला होता. त्या शंभर वाजवणाऱ्यांसाठी तंबोऱ्याचं काम ती सांगलीतून करत होती.

पहिला भाग म्हणजे अंत्ययात्राच आहे. माहलरने तो 1888 साली लिहिला तेव्हा त्याला नावही तसंच दिलं होतं. वीस मिनिटांच्या वर चालतो. त्यानंतर किमान 5 मिनिटं थांबा असं त्याने स्वरलिपीतच लिहून ठेवलंय. बरेच संचालक तेवढं थांबत नाहीत म्हणे, पण या हौशी लोकांनी ते इमानाने पाळलं. तिकडची माणसं मनसोक्त खोकून घेत होती, इकडे आईने रक्तदाबाची गोळी घेतली. मला ती पाच मिनिटं फार आवडली. घरातून माणूस नेल्यावर मागे राहिलेल्यांची जी वेळ असते, कुणी तरी चहा टाकतं, कुणाला तरी चपला सापडत नाहीत, ती वेळ या गृहस्थाने घड्याळ लावून संगीतात बसवली आहे.

दुसरा भाग गावजत्रेतल्या नाचाच्या ठेक्याचा, गोड. आई पेंगली. तिसऱ्याला मात्र ती जागी झाली, कारण मोठ्या ढोलाच्या कडेला उभा असलेला एक सुटाबुटातला माणूस चक्क खराट्याने वाजवत होता. काड्यांची जुडी, बांधलेली. "अगं, झाडू!" मलाही खोटं वाटलं, पण खरंच आहे, त्या वाद्याचं नावही 'काठी'सारखंच काही तरी आहे. या भागामागची गोष्ट अशी की एक संत माशांना प्रवचन देतो. मासे फार खूश होऊन ऐकतात. प्रवचन संपतं, आणि चोरटे मासे चोरटेच राहतात, खादाड खादाडच. सूर नुसते गोल गोल वळत राहतात, पाण्याच्या भोवऱ्यासारखे. मला हसू आलं. कृष्णाकाठी राहणाऱ्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. दर पुरानंतर आपल्याकडे निळ्या आणि लाल पूररेषेच्या बैठका होतात, सगळे माना डोलावतात, आणि पाणी ओसरलं की मासे आपापल्या डोहात.

चौथ्या भागात एक बाई उभी राहून पाच मिनिटं गायली. आईच्या लेखी त्या रात्रीचं गाणं तेवढंच.

पण एवढा वेळ तिची खरी तक्रार वेगळीच होती. वृंद सुरुवातीपासून मागे बसून होता. दीडेकशे माणसं काळ्या कपड्यांत, हातात चोपड्या, तोंड मिटून. "ही सगळी नुसती बसायला आलीयत का?" तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी आमची भाची. "पोक काढून बसलीय," आईने तेवढ्यातही ओळखलं. तास उलटून गेला तरी कुणी तोंड उघडेना. मग पाचव्या भागात धडाधड आभाळ कोसळल्यासारखं झालं, आणि त्यानंतर पुढच्या काही वाजवणाऱ्यांनी आपली तुताऱ्यांसारखी वाद्यं उचलली आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेले. "रागावले?" आईने विचारलं. मी म्हटलं, "बघ आता." थोड्या वेळाने भिंतींच्या पलीकडून, कुठून तरी लांबून, तुताऱ्या ऐकू यायला लागल्या. सगळा वाद्यवृंद गप्प. फक्त लांबच्या तुताऱ्या आणि मंचावर एकटी बासरी, पक्ष्यासारखी, जगातला शेवटचा पक्षी राहिल्यासारखी.

मी ऑगस्ट 2019 मध्ये जाऊन पोचले.

त्या वेळी आम्ही दोघी शेजारच्या वाड्याच्या माडीवर दोन रात्री होतो. वीज केव्हाच गेलेली. गावभागात जन्म काढलेल्या माणसाला पूर नवा नसतो; आमच्याकडे पावसाळ्यात 'कसं काय'च्या ऐवजी 'आयर्विनला किती?' असं विचारतात आणि उत्तर फुटांत येतं. पण धोक्याची खूण 45 ला आणि पाणी 57 च्या पुढे, हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. रात्री अंधारात पाण्याचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नदीला आवाज असतो, साठलेल्या पाण्याला नसतो. फक्त भिंतीवर कुठे तरी चुबुक चुबुक. गच्च्यांवर अडकलेली कुत्री आधी भुंकत होती, दुसऱ्या रात्री तीही दमली. आणि मग त्या गप्पपणात फार लांबून शिट्टी आणि माणसाची हाक. बोटवाले. कुठल्या गल्लीत आहेत कळत नव्हतं, आमच्याकडे येतायत की चाललेत तेही नाही. आई म्हणाली, "मध्यमाच्या आसपास आहे," शिट्टीबद्दल. मी तिच्यावर ओरडले होते. हे काय सूर बघायची वेळ आहे का.

तर त्या तुताऱ्या थांबल्या, बासरी थांबली, आणि पडद्यावर काहीच ऐकू येईना. आई म्हणाली, "आवाज गेला बघ. वाढव." मी रिमोटने वाढवला. काही नाही. अजून वाढवला. आणि मग कळलं की ते केव्हाच गायला लागले होते. दीडशे माणसं, जागची न उठता, एवढ्या हळू की पंख्याच्या आवाजात ते बुडून गेलं होतं. भाचीचे ओठ हलत होते. ते बसूनच गात होते, एखाद्याला झोपेतून उठवताना आधी नुसतं नाव घ्यावं तसे. मी मूर्खासारखी रिमोट हातात धरून उभी. अर्थात त्याची शिक्षाही मिळाली. वाढवलेला आवाज कमी करायचा राहिला आणि दहा-बारा मिनिटांनी ऑर्गन, घंटा आणि सगळा वृंद मिळून असा काही उसळला की काचेची कपाटं थरथरली आणि काकूंच्या घरातला दिवा लागला.

त्या शेवटाची गोष्ट भाचीने मला आधीच सांगितली होती, तिच्या घरापासून ती जागा लांब नाही म्हणून. पहिला भाग लिहून झाला तरी माहलरला वर्षानुवर्षं शेवट सुचत नव्हता. हान्स फॉन ब्यूलो नावाच्या मोठ्या, वयस्क संचालकाला त्याने तो पहिला भाग पियानोवर वाजवून दाखवला, तर म्हातारबुवांनी ऐकता ऐकता कान झाकून घेतले. पुढे 1894 मध्ये ब्यूलो वारले, कैरोला. हॅम्बुर्गच्या सेंट मिखाएलिस चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला, तिथे मुलांच्या वृंदाने क्लॉपश्टॉक या कवीचं 'उठशील, होय, उठशील तू' असं सांगणारं गीत गायलं, आणि माहलरला शेवट सापडला. कवीची दोन कडवी घेतली, पुढची स्वतः लिहिली, त्याच वर्षी रचना पुरी केली, आणि 13 डिसेंबर 1895 रोजी बर्लिनमध्ये ती पहिल्यांदा पूर्ण वाजली. आईला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली तेव्हा तिला ती सिंफनीपेक्षा जास्त आवडली. "म्हणजे ज्याने कान झाकले, त्यानेच जाता जाता दिलं," ती म्हणाली. "घराण्यात असंच असतं."

पण उठलं कोण, हे तिने त्या सकाळीही सोडलं नव्हतं. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की माहलरच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे शेवटी कबरी उघडतात, राजा-भिकारी सगळे निघतात, न्यायनिवाड्याची वेळ येते, आणि न्यायनिवाडा होतच नाही. पापी नाही, पुण्यवान नाही, शिक्षा नाही, बक्षीस नाही. "हिशेबच नाही?" आईला हे जरा जास्तच सैल वाटलं. आपल्याकडे जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा जीव देह बदलतो, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि कुठले कपडे मिळणार ते हिशेबावर ठरतं. त्यांच्याकडे मात्र तोच माणूस, त्याच हाडामांसाचा उठायचा. मी हे बोलत होते आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघीही भिंतीकडे बघतोय. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, गवसणीत, तो उभा होता.

आईचा तंबोरा 1966 चा. विशारद झाली तेव्हा आजोबांनी मिरजेहून आणला. लग्नात तो तिच्याबरोबर आला आणि पुढची पन्नासेक वर्षं याच खोलीत वाजला. गल्लीतल्या किती मुली त्याच्यासमोर बसल्या त्याची गणती नाही. मी प्रवेशिका पूर्ण झाले आणि सोडलं. सूर कळायचा, गळ्यातून यायचा नाही, आणि ही गोष्ट आईसमोर रोज सिद्ध करत बसण्यापेक्षा बँकेची परीक्षा सोपी वाटली. 2005 च्या पुरात पाणी खिडकीच्या चौकटीला लागून परत गेलं होतं. म्हणून 2019 ला निघताना आम्ही काय काय ते चौकटीच्या वर चढवलं, आणि तंबोरा सगळ्यात सुरक्षित म्हणून कपाटाच्या माथ्यावर आडवा ठेवला. गवसणीवर आणखी एक सतरंजी घातली. जुन्या पुराने शिकवलेला धडा आम्ही मन लावून पाठ केला होता. नवा पूर दुसऱ्याच पुस्तकातला निघाला.

परत आलो तेव्हा दार ढकलावं लागलं, आत गाळ होता. त्या वासाचं वर्णन मी करत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. कपाट पालथं पडलं होतं. तंबोरा न्हाणीघराच्या दाराशी जाऊन टेकला होता. भोपळा फुगून फाटला होता, कडा ओल्या पुठ्ठ्यासारख्या, तबली सरेस सुटून निसटलेली, दांडी पिळवटलेली, तारा गंजून लाल. आत चिखल. बंदिशींच्या वह्या तर एकेक लगदा झाल्या होत्या. आईने बघितलं. काही बोलली नाही. पदर खोचला आणि चार दिवस भांडी घासली. तिने कुठल्याही वस्तूवर हंबरडा फोडला नाही, फक्त एकदा दुपारी अंगणात पातेलं पालथं घालताना म्हणाली, "खर्ज फार चांगला होता गं त्याचा." माणसाबद्दल बोलतात तसं, भूतकाळात.

मी तो गोणपाटात गुंडाळून मिरजेला नेला. मिरजेची ती गल्ली मला लहानपणापासून आवडते. तिथल्या वाद्यांच्या कुळाची सुरुवातच मुळी एका धंद्याच्या मरणातून झालेली. शिकलगार लोक तलवारींना, भाल्यांना धार लावणारे. राज्यं गेली, हत्यारं उतरली, तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या भावाने मोडकी वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरे, सतारी घडवायला सुरुवात केली. तोच हात, तीच नजर, काम दुसरं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात हे सगळं छापून आलं होतं. दर्गा तिथून जवळच. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे विसावलेत. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना बरं वाटेना म्हणून एका छोट्या स्टेशनावर उतरले, तंबोरा मिळवून घेतला, दरबारीत देवाला आळवलं आणि गेले, असं सांगतात. तंबोरा लागलेला असताना जाणं, ही आईच्या पिढीची मोक्षाची व्याख्या आहे.

दुकानात आढ्याला भोपळे टांगलेले, खाली तुणाच्या लाकडाचा भुसा, स्पिरिटचा आणि लाखेचा नाकाला झोंबणारा वास. पूर ओसरल्यापासून त्यांच्याकडे अशा गोण्यांची रांग होती. कारागिराने गोणपाट उलगडलं, बोट फिरवलं, वास घेतला. "भोपळा गेला. दांडीपण गेली. तबलीत काय राम नाही." मी विचारलं, पाण्याने एवढं होतं? तो हसला. "पाण्याशिवाय भोपळा वळतच नाही ताई. कापायच्या आधी आम्हीच भिजवतो. आम्ही एक रात्र भिजवतो, तुमच्या नदीने आठ दिवस भिजवला." मग त्याने टांगलेल्यातला एक खाली घेऊन टिचकी मारून दाखवली. पंढरपूरकडून येतात हे. कडू जातीचे, खायच्या कामाचे नाहीत, वाळून आतलं सगळं गेलं की मग बोलतात. मी म्हटलं, यातलं आमचं काय राहील? त्याने चारी खुंट्या काढून, पुसून, फडक्यावर ओळीने मांडल्या. शिसवी होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. घोडीही धरली. "खुंट्या जुन्याच बसवून देतो. हाताला ओळख राहील."

पाच महिन्यांनी तो घरी आला. कोरा, तांबूस, पॉलिशच्या वासाचा. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "बघ, तोच आहे, नीट करून दिलाय." आईने गवसणी सोडली, भोपळ्यावरून तळवा फिरवला, मांडीवर घेतला, जोडाची तार छेडली. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, सुरेख उघडली होती, मलाही कळलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हा तो नव्हे," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून, "पण चांगला आहे." गवसणी परत चढवली. पुढे टाळेबंदी आली, मुली यायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. 2021 ला पाणी परत चढायला लागलं तेव्हा घरातली पहिली वस्तू मी सांगलीतल्याच विश्रामबागला हलवली ती हा तंबोरा. पण तो वाचवला एवढंच. वाजवला कुणी नाही. आईने काळी चारचं गाणं सोडून दिलं होतं. आवाज खाली आला होता, आणि तिला तो तसा मान्य नव्हता.

मागच्या आठवड्यात वळीव झाला. दुपारभर नुसती घुसमट, मग पाच वाजता धूळ, मग टपोरे थेंब. वीज गेली. आई ओसरीवर लसूण सोलत होती, मी उगाच फोनवर भाचीचा तो जुना मेसेज वर सरकवत बसले होते आणि त्यातली एक ओळ तेव्हा मी वाचलीच नव्हती असं दिसलं. म्हटलं, "आई, ती सिंफनी ज्या षड्जावर सुरू होते, त्यावर संपतच नाही बघ. पांढरी एकवर निघतात, आणि शेवट ई फ्लॅटवर. म्हणजे काळी दोन."

तिचा हात थांबला. मनात मोजलं असावं. "म्हणजे त्यांचा कोमल गंधार."

"हो."

"त्याचा षड्ज केला शेवटी?"

"हो."

"मूर्च्छना," ती म्हणाली. लसणाची सालं फुंकरीने उडवली. आणि मग चिडून, "हे त्या रात्री सांगायचं होतंस ना. मी आपली शेवटपर्यंत जुनाच षड्ज धरून बसले. मला कसं दिसणार कोण उठलं ते?"

मी हसले. ती हसली नाही. तिने हात धुतले आणि आत गेली. अंधारातच तिने गवसणी सोडली. मला पेटी काढायला लावली, भाता फाटलाय पण सूर येतो. "काळी चार दे." दिली. तिने मान हलवली, तो तिला झेपणार नव्हता, आम्हा दोघींना माहीत होतं. "पांढरी चार दे." त्यावर तिने तंबोरा मिळवायला घेतला, आधी जोड, मग पंचम, खर्जाला बराच वेळ लागला. तारा पाच वर्षं नुसत्या उभ्या होत्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग तिने गायलं असं मी म्हणणार नाही. षड्ज लावला, खरखरीत, वाळूवरून पाय ओढल्यासारखा. तिथून रिषभ, तिथून कोमल गंधारावर आली आणि थांबली. फार वेळ थांबली. तो स्वर मला ओळखीचा वाटला, कसा ते कळेना. मी पेटीवर हळूच काळी चार दाबली. तोच. माझ्या सगळ्या लहानपणाच्या मागे जो वाजत असायचा, तो तिचा जुना षड्ज आता या तंबोऱ्याच्या कोमल गंधारावर बसला होता. तिने माझं बोट बघितलं. डोळे मिटून घेतले आणि गंधार सोडला नाही.

तेवढ्यात जोडातली एक तार उतरली. नवा पाऊस पडला की उतरतेच.

"लाव," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण?"

मी पुढे झाले. अंधारात खुंटी चाचपावी लागली नाही, अंगठ्याला तिची झिजलेली कड बरोबर सापडली. पिळायला लागले. तार कण्हली, वर गेली, थोडी जास्तच गेली.

"उतरव," आई म्हणाली. "अजून. हं, आता चढव. थोडी. अजून थोडी. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."